उघड्या दारातून परत फिरलेला दुर्योधन

मयसभेत दुर्योधनाची फजिती झाली, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. स्फटिकाची जमीन पाणी वाटली म्हणून त्याने वस्त्र वर उचललं. पुढे खरं पाणी जमीन वाटलं आणि तो त्यात पडला. मग द्रौपदीने ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ असा टोमणा मारला, हेही आपण ठामपणे सांगतो. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत तो टोमणा नाही. तिथे प्रसंग घडतो तेव्हा भीम हसतो, त्याचे भाऊ हसतात, नोकरचाकर हसतात. द्रौपदीचं हसणं येतं ते दुर्योधनाने नंतर बापापुढे मांडलेल्या गाऱ्हाण्यात. ज्या प्रसंगाचा विषयच भास, त्याच्याबद्दलच आपल्या सगळ्यांना एक भास होऊन बसला आहे.

त्या प्रसंगातली मला सगळ्यात बोचणारी चूक मात्र पाण्याची नाही, दारांची आहे. एक बंद दार दुर्योधनाला उघडं वाटलं आणि त्याचं कपाळ आपटलं. त्यानंतर खरोखरच उघडं असलेलं दार समोर आलं, तेव्हा हेही बंदच असणार असं धरून गडी तिथूनच माघारी फिरला. म्हणजे चुका दोन जातींच्या झाल्या. एकीत खोटं खरं वाटतं. दुसरीत, एकदा हात पोळल्यावर, खरंही खोटं वाटू लागतं. दुधाने तोंड भाजलं की ताक फुंकून प्यावं, ही म्हण आपण सावधपणाचं लक्षण म्हणून वापरतो. दुर्योधनाने ताक फुंकलं नाही, ओतून दिलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक सरावाचं वाक्य. १९९९ साली ‘द मॅट्रिक्स’ हा चित्रपट आला तेव्हापासून ते मी ऐकतो आहे: ‘यात नवीन काय? जग मिथ्या आहे हे आपल्या लोकांनी कधीच सांगून ठेवलंय.’ वाक्य पूर्ण चुकीचं नाही, पण आपल्या लोकांवर ते अन्याय करतं. कारण ‘जग खरं की खोटं’ एवढाच प्रश्न विचारून ते थांबले नव्हते. खोटं ठरवायचं ते कोणत्या कसोटीवर, ही त्यांची खरी झटापट होती. आणि विज्ञानकथेने गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत जे केलं ते हेच: एकेक कसोटी घ्यायची आणि ती मोडेपर्यंत ताणायची.

वाळूत काहीतरी चमकतं. चांदी वाटते. माणूस वाकतो, उचलतो, तर शिंपला निघतो. कोकणातल्या कुठल्याही पुळणीवर रोज घडावी अशी ही गोष्ट. या एका वाकण्यावर भारतीय तत्त्वज्ञ शतकानुशतकं भांडले. त्या वादाला ख्यातिवाद म्हणतात. ख्याती म्हणजे इथे कीर्ती नाही, भान होणं, दिसणं. प्रश्न असा, की त्या क्षणी माणसाला जी चांदी दिसली ती होती तरी कुठे?

नैयायिक म्हणतात, चांदी खरीच आहे, फक्त ती इथे नाही, सराफाच्या दुकानात आहे. तिथली चांदी इथल्या शिंपल्यावर लादली गेली. योगाचार बौद्ध म्हणतात, ती मनातच होती, बाहेर असल्यासारखी दिसली. रामानुजांच्या मते चांदीचा थोडासा अंश शिंपल्यात असतोच, म्हणून तर तो चांदीसारखा दिसतो, दगडासारखा दिसत नाही. अद्वैतवेदान्ती सांगतात, ती चांदी खरी म्हणावी तर शिंपला कळल्यावर नाहीशी होते. अजिबात नव्हती म्हणावी तर सशाच्या शिंगासाठी कुणी खाली वाकत नाही. म्हणून ती ना सत् ना असत्, अनिर्वचनीय.

आणि मीमांसक प्रभाकर म्हणतो, चूक झालीच नाही! समोर चमकणारं ‘हे’ दिसलं, ते दिसणं बरोबर. चांदी आठवली, ते आठवणंही बरोबर. एक डोळ्यांसमोरची गोष्ट आणि एक आठवण, यांच्यातला फरक ध्यानात आला नाही, इतकंच. मला हे उत्तर फार आवडतं. चांदी बाहेरून कुणी आणून ठेवलेली नाही. आपल्याकडून एक गोष्ट लक्षात घ्यायची राहिली, बस्स. फसवणुकीच्या अनेक प्रकरणांत नेमकं हेच झालेलं असतं.

भांडण कितीही असो, व्यवहारात सगळे एका ठिकाणी येऊन टेकतात. पहिलं ज्ञान खोटं होतं हे कळतं ते नंतरच्या ज्ञानामुळे. शिंपला हातात आला आणि चांदी रद्द झाली. याला शास्त्रात ‘बाध’ म्हणतात. कसोटी साधी आणि पक्की वाटते, पण तिच्यात एक फट आहे. बाध नेहमी नंतर येतो. तो येईपर्यंत चांदी ही चांदीच असते. मग आज हातात असलेला शिंपला उद्या रद्द होणार नाही कशावरून? या फटीतून एक आख्खा साहित्यप्रकार आत शिरला आहे.

त्याआधी वसुबंधूकडे जायला हवं. चौथ्या-पाचव्या शतकातला हा बौद्ध आचार्य, पुरुषपूरचा, म्हणजे आजच्या पेशावरचा. त्याचं ‘विंशतिका’ नावाचं छोटं प्रकरण आहे, नावाप्रमाणे वीसेक श्लोकांचं. त्यात तो म्हणतो, बाह्य वस्तू नाहीतच, आहे ते केवळ विज्ञान, म्हणजे जाणीव. डोळ्यांत तिमिर झालेल्याला नसलेले केस किंवा दोन चंद्र दिसावेत, तसं हे. असं म्हणून तो मोकळा होत नाही. विरोधकाचे आक्षेप स्वतःच मांडतो, आणि ते आक्षेप म्हणजे खऱ्याखोट्याच्या नेहमीच्या कसोट्यांची यादीच आहे. वस्तू नसेल तर ती ठरावीक जागीच का दिसते, वाटेल तिथे का नाही? ठरावीक वेळीच का दिसते? तिमिर झालेल्याचे केस त्याला एकट्यालाच दिसतात; घर, नदी, डोंगर मात्र तिथे असलेल्या सर्वांना का दिसतात? आणि स्वप्नातल्या जेवणाने पोट भरत नाही, खऱ्या जेवणाने भरतं, ते का?

उत्तरं ऐकण्यासारखी आहेत. जागा आणि वेळ? स्वप्नातही बाग बागेच्याच जागी असते. सर्वांना सारखं दिसणं? प्रेतयोनीतले जीव सगळे मिळून एकच पुवाने भरलेली नदी बघतात, कारण सगळ्यांचं कर्म सारखं पिकलेलं असतं. नदी नाही, पण एकमत आहे. परिणाम घडणं? स्वप्नातल्या संभोगाने खरोखर वीर्यपात होतो, तेव्हा खोट्या गोष्टीही खरा परिणाम घडवतात. चौथं उदाहरण नरकाचं. नरकातले जीव यमदूत पाहतात, त्यांचा मार खातात. पण हे यमदूत खरे जीव असतील तर तेही त्या तापलेल्या लोखंडी जमिनीवर भाजायला हवेत. ते भाजत नाहीत, म्हणजे ते जीव नाहीत. नरकवासीयांच्या कर्मानेच उभी केलेली ती चित्रं आहेत. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या कुठल्याही मुलाला यातला मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. खेळातल्या पहारेकऱ्याच्या हातची गोळी लागते, पण त्याच्या आत कुणी नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

म्हणजे ‘सगळ्यांना दिसतं, म्हणून खरं’ ही कसोटी वसुबंधूने दीड हजार वर्षांपूर्वीच निकालात काढली होती. विज्ञानकथेला तिथवर पोचायला १९५५ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी अमेरिकेत फ्रेडरिक पोल यांची ‘द टनेल अंडर द वर्ल्ड’ ही कथा छापून आली. तिचा नायक पंधरा जूनच्या सकाळी स्फोटाच्या स्वप्नातून ओरडत जागा होतो. गाव तेच, शेजारी तेच, कचेरी तीच. फक्त जाहिरातींचा मारा वाढला आहे. एका रात्री त्याला तळघरात झोप लागते, त्यामुळे सगळ्या गावाची स्मृती पुसण्याचा जो रोजचा कार्यक्रम असतो तो त्याच्यापुरता चुकतो. तो उठतो, तर पुन्हा पंधरा जूनच. स्फोट खरा होता. गावातली माणसं त्यात मेली आहेत, त्यांची मनं बोटभर यंत्रमानवांत भरलेली आहेत आणि सबंध गाव एका टेबलावर मांडलेलं आहे. कशासाठी? तर कोणती जाहिरात चालते हे रोज नव्याने तपासण्यासाठी. काल ऐकलेली जाहिरात आज आठवत नसेल, तर त्याहून बरं गिऱ्हाईक कुठलं?

नऊ वर्षांनी, १९६४ साली, डॅनियल गॅलॉय यांची ‘सिम्युलॅक्रॉन-३’ ही कादंबरी आली. तिथेही संगणकात एक शहर वसवलं आहे, आणि तेही बाजारपेठेचा अंदाज घेण्यासाठी, घरोघर फिरून मतं विचारणाऱ्यांचं काम वाचावं म्हणून. नायक त्या शहराचा एक निर्माता. हळूहळू त्याला कळतं की आपणही कुणाच्या तरी संगणकातच आहोत. १९७३ साली जर्मन दिग्दर्शक रायनर वेर्नर फासबिंडर यांनी तिच्यावर दूरचित्रवाणीसाठी दोन भागांचा चित्रपट केला. मॅट्रिक्सच्या एक पिढी आधीचं हे काम आजही पाहावं असं आहे.

इथे प्राचीन आणि आधुनिक यांच्यातला एक मोठा फरक उघडा पडतो. आपल्या परंपरेत भासाचा दोष पाहणाऱ्याकडे जातो. अविद्या त्याची, कर्म त्याचं, डोळ्यांतलं तिमिर त्याचं. पोल आणि गॅलॉय यांच्याकडे भास कुणीतरी घडवून आणतो, आणि त्यामागे त्याचा धंदा असतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जाहिरातयुगातल्या अमेरिकेला हा भास देवाने किंवा अज्ञानाने घडवलेला वाटणं शक्यच नव्हतं.

ग्रीकांमध्ये प्लेटोकडे याची चाहूल आहे. इ.स.पूर्व ३७५च्या आसपासच्या त्याच्या ‘रिपब्लिक’मधली गुहा सर्वांना माहीत असते: मान आणि पाय जखडलेले कैदी, समोरच्या भिंतीवर पडणाऱ्या सावल्या, मागे पेटलेली आग. पण आग आणि कैदी यांच्या मधे एक बुटकी भिंत आहे, आणि तिच्यामागून काही माणसं लाकडाच्या, दगडाच्या आकृत्या उचलून नेत असतात. सावल्या पडतात त्या या आकृत्यांच्या. ही माणसं कोण? त्यांना हे काम कुणी दिलं? प्लेटो त्यांच्यावर फारसा थांबत नाही; त्याला गुहेबाहेर पडणाऱ्याची घाई आहे. विसाव्या शतकातल्या लेखकांना मात्र बाहेरच्या सूर्यापेक्षा भिंतीमागच्या त्या हमालांबद्दल आणि त्यांच्या मुकादमाबद्दल जास्त कुतूहल होतं.

आता शंकराचार्य. ‘जग खोटं’ हे मत सर्रास त्यांच्या नावावर खपवलं जातं, म्हणून त्यांनी वसुबंधूच्या पंथाला काय उत्तर दिलं ते पाहिलं की गंमत वाटते. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरच्या भाष्यात ते विज्ञानवाद्यांना सरळ फैलावर घेतात. खांब पाहणाऱ्याला खांब दिसतो, खांबाची जाणीव दिसत नाही, असं ते बजावतात. बाहेर काही नाही, फक्त ‘बाहेर असल्यासारखं’ दिसतं, असं म्हणणाऱ्यांना ते विचारतात: बाहेर असं काही कधी नव्हतंच, तर ‘बाहेर असल्यासारखं’ ही उपमा आली कुठून? विष्णुमित्र वांझेच्या मुलासारखा दिसतो, असं कुणी म्हणतं का? आणि स्वप्न व जागेपण एकच नव्हेत, कारण स्वप्नाचा जागेपणी बाध होतो. जागेपणी पाहिलेल्या खांबाचा तसा बाध होत नाही.

अद्वैताच्या पद्धतीत सत्तेच्या तीन पायऱ्या आहेत. दोरीवर दिसलेला साप प्रातिभासिक. दोरी, घर, कर्ज, भूक हे व्यावहारिक. आणि ब्रह्म तेवढं पारमार्थिक. व्यावहारिक सत्तेला या दर्शनात चांगला मान आहे. ब्रह्मज्ञान होईपर्यंत तिचे सगळे नियम लागू असतात. विज्ञानकथेला ही पायऱ्यांची कल्पना फार सोयीची आहे. मॅट्रिक्समधलं शहर प्रातिभासिक, बाहेरचं उद्ध्वस्त जग व्यावहारिक. पारमार्थिकापर्यंत चित्रपट जात नाही, तिकिटाच्या पैशांत तेवढं बसत नसावं.

शंकराचार्यांच्या त्या ब्रह्मसूत्रभाष्यात आणखी एक दृष्टान्त आहे, तो वाचला तेव्हा मी थबकलो. परमेश्वर आणि अविद्येने कल्पिलेला जीव यांतला फरक सांगताना आचार्य एका गारुड्याचं उदाहरण देतात. ढाल-तलवार घेऊन तो दोरावरून आकाशात चढताना लोकांना दिसतो. खरा गारुडी मात्र जमिनीवरच उभा असतो, आकाशात चढणाऱ्याहून वेगळा. हेडसेट चढवून खेळणाऱ्या मुलाचं याहून चांगलं वर्णन मला माहीत नाही. ढाल-तलवार घेऊन लढतोय तो वेगळा आणि हॉलमध्ये सोफ्याला अडखळतोय तो वेगळा. खेळातल्या त्या आकृतीला जगभर ‘अवतार’ म्हणतात. नील स्टीफनसनच्या १९९२ सालच्या ‘स्नो क्रॅश’ या कादंबरीने तो शब्द घरोघरी नेला. आपल्या देवांच्या खाली उतरण्याचा शब्द सॉफ्टवेअरवाल्यांनी उचलला, आणि अजाणता का होईना, तो बरोबर जागी बसला.

आतापर्यंतच्या सगळ्या कथांत एक गोष्ट कायम आहे. साप खोटा असला तरी दोरी खरी आहे. टेबल आहे, वरच्या मजल्यावरचा संगणक आहे, नळ्या लावलेलं शरीर आहे. भासाला काहीतरी अधिष्ठान लागतंच, असं अद्वैती आग्रहाने सांगतात. मॅट्रिक्स या अर्थाने फार आस्तिक चित्रपट आहे. चित्रपटातला नायक आपल्या चकत्या ज्या पोखरलेल्या पुस्तकात लपवतो ते पुस्तक फ्रेंच विचारवंत झाँ बोद्रियार यांचं आहे, १९८१ सालचं. ते स्वतः मात्र चित्रपटावर खूश नव्हते. आपण मांडलेला प्रश्न वेगळा आणि प्लेटोपासून चालत आलेला भासाचा जुना प्रश्न वेगळा, या मंडळींनी दोन्हींची गल्लत केली, असं त्यांचं म्हणणं होतं. खरं आणि नक्कल यांतली सीमारेषाच पुसली गेली असेल, तर बाहेर पडायचं दार कुठून आणणार?

दोरीच नसेल तर काय, हा प्रश्न नागार्जुनाच्या माध्यमिक बौद्धांनी हाती धरला होता: कुठल्याच गोष्टीला स्वतःचा असा स्वभाव नाही, आणि ‘शून्य’ हेही टेकू म्हणून वापरायचं नाही. विज्ञानकथेत या टोकाजवळ सर्वांत जास्त गेला तो फिलिप के. डिक. त्याच्या १९६९ सालच्या ‘यूबिक’मध्ये मेलेल्या माणसांना गोठवून त्यांची उरलीसुरली जाणीव काही काळ टिकवता येते आणि नातेवाईक त्यांच्याशी येऊन बोलू शकतात. एका स्फोटानंतर जो चिप नावाच्या नायकाभोवतीचं जग विटायला लागतं. सिगारेटी हातात भुगा होतात, यंत्रं उलट्या काळात जाऊन जुन्या नमुन्यांची होतात, सबंध जग १९३९ सालाकडे घसरत जातं. नाण्यांवर त्याच्या मेलेल्या मालकाचा चेहरा उमटतो. हळूहळू वाचकाला कळतं: मालक जिवंत आहे, मेले आहेत ते जो चिप आणि त्याचे सोबती. हुश्श, दोरी सापडली! मग शेवटच्या पानांत तो जिवंत मालक खिशातून नाणं काढतो, आणि त्यावर जो चिपचा चेहरा असतो. कादंबरी तिथे संपते. माझ्या माहितीतली ही सगळ्यात निर्दय शेवटची खेळी आहे. बाधाचाही बाध करून डिक निघून जातो.

डिकच्याच १९६६ सालच्या एका कथेवर ‘टोटल रिकॉल’ हा चित्रपट निघाला, १९९० साली. त्यातला एक प्रसंग कसोट्यांच्या दृष्टीने नमुनेदार आहे. नायक मंगळावर आहे. एक डॉक्टर शांतपणे सांगायला येतो की तू इथे नाहीसच. पृथ्वीवर खुर्चीत पडलेला आहेस, स्वप्न बिघडलं आहे, ही गोळी घे आणि जागा हो. तर्काने त्याला खोडून काढणं अशक्य आहे. नायक गोळी तोंडात टाकतो आणि तेवढ्यात त्याला डॉक्टरच्या कपाळावरून ओघळणारा घामाचा थेंब दिसतो. हा घाबरलाय! मग गोळी न गिळता तो त्याला ठार करतो. खरेपणाची कसोटी काय, तर समोरच्याला भीती वाटते. वसुबंधू असता तर त्याने विचारलं असतं, स्वप्नातल्या माणसाला घाम येत नाही हे तुला कुणी सांगितलं? मात्र नरकातले यमदूत भाजत नाहीत म्हणून ते खोटे, हा त्याचा स्वतःचा युक्तिवादही घामाच्या थेंबाच्या फार जवळचा आहे.

‘इन्सेप्शन’ या २०१० सालच्या चित्रपटातला भोवरा सर्वांना आठवतो. तो फिरत राहिला तर स्वप्न, पडला तर जाग. शेवटी पडदा काळा होतो तेव्हा तो पडतो की नाही यावर लोकांनी खूप डोकेफोड केली. मला त्या चित्रपटात भोवऱ्यापेक्षा नायकाची बायको महत्त्वाची वाटते. स्वप्नात अनेक वर्षं राहून परत आल्यावर तिला जागेपणही स्वप्नच वाटत राहतं. मुलं समोर असतात, तीही तिला खोटी वाटतात. ‘जागं’ व्हायचं म्हणून ती इमारतीवरून उडी मारते. उघडं दार बंद समजून मागे फिरणं ते हेच, आणि इथे त्याची किंमत जिवाने मोजली आहे. कुणाचाही आवाज आणि चेहरा संगणकावर हुबेहूब बनवता येऊ लागल्यापासून ही दुसऱ्या जातीची चूक आपल्याही दारात आली आहे. खोटी चित्रफीत खरी मानली जाते, त्याची काळजी सगळे करतात. पण खरी चित्रफीत ‘बनवलेली असेल’ म्हणून झटकून टाकणं आता किती सोपं झालंय.

२००३ साली निक बॉस्ट्रम या तत्त्वज्ञाने एक शोधनिबंध लिहिला. त्याचा सांगाडा असा: एक तर आपल्यासारख्या संस्कृती फार पुढारण्याआधीच नष्ट होतात, किंवा पुढारलेल्या संस्कृतींना पूर्वजांच्या हुबेहूब संगणकीय प्रतिकृती चालवण्यात रस नसतो, किंवा मग आपण स्वतः जवळजवळ नक्कीच अशा एका प्रतिकृतीत आहोत. यातलं एक तरी खरं असलं पाहिजे. वर्तमानपत्रांनी पहिली दोन वाक्यं गाळून तिसरं तेवढं छापलं.

मला त्याहून रंजक वाटतो तो डेव्हिड चामर्स यांचा पवित्रा. ‘रिॲलिटी प्लस’ या २०२२ सालच्या पुस्तकात ते म्हणतात, समजा आपण संगणकात आहोत, तरी टेबल खोटं ठरत नाही. टेबल आहेच, ते अणूंऐवजी माहितीचं बनलेलं आहे, इतकंच आपल्याला नव्याने कळलं. हे वाचताना मला ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’ची आठवण झाली. त्याच्या सातव्या प्रकरणात अज्ञानाचं खंडन आहे. ज्या अज्ञानामुळे म्हणे जगाचा भास होतो, ते अज्ञान राहतं तरी कुठे, अशी उलटतपासणी ज्ञानदेव घेतात, आणि त्याला कुठेच पाय ठेवायला जागा उरू देत नाहीत. मग दिसणारं जग हा सत्यावर पडलेला पडदा राहत नाही. ते त्या चैतन्याचंच स्फुरण, त्याचाच विलास होतो. चामर्स यांची माहिती आणि ज्ञानदेवांचं चैतन्य एक आहे असं मी म्हणणार नाही; एकाकडे भक्ती आहे, दुसऱ्याकडे बिट. पण दोघांनीही ‘खोटं’ हा शिक्का उचलून बाजूला ठेवला आहे. वारीला लाखो लोक ज्या भूमीत चालतात, तिथल्या परंपरेने जगाला निव्वळ फसवणूक म्हणून सोडून दिलं नाही, याचं मला नवल वाटत नाही.

शिक्का बाजूला ठेवला की एक वेगळाच प्रश्न पुढे येतो. भास कुणाचा आणि त्यात राहणाऱ्यांचं काय? इथे योगवासिष्ठातला लवण राजा भेटतो.

उत्तरपांडव देशाचा हा राजा दरबारात बसलेला असताना एक ऐंद्रजालिक येतो. मोरपिसांचा कुंचा फिरवतो. एक घोडा समोर येतो आणि राजा डोळे खिळवून चित्रासारखा बसून राहतो. दरबाराच्या हिशेबाने काही घटका जातात. राजा शुद्धीवर येऊन सांगतो ते असं: घोड्याने मला दूर रानात नेऊन टाकलं. भुकेने जीव चालला होता. एक चांडाळकन्या बापासाठी जेवण घेऊन चालली होती. लग्न करशील तर देते, म्हणाली. मी लग्न केलं. त्या वस्तीत वर्षानुवर्षं राहिलो, मुलंबाळं झाली, म्हातारा झालो. मग दुष्काळ पडला. धाकट्या पोराने खायला मागितलं, तेव्हा माझंच मांस त्याला मिळावं म्हणून मी चिता रचून तीत शिरलो. आणि इथे जागा झालो.

इतकंच असतं तर ती स्वप्नाची गोष्ट झाली असती. पण दुसऱ्या दिवशी राजा लवाजमा घेऊन विंध्याच्या रानात जातो, आणि ती वस्ती त्याला सापडते. दुष्काळाने होरपळलेली, त्याने पाहिली होती तशीच.

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक अशाच फेऱ्यात सापडतात. ते अशा जगात जाऊन येतात जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी चाटून गेली आणि मराठे जिंकले. परतल्यावर त्यांच्या खिशात तिथल्या बखरीचं एक फाटकं पान शिल्लक असतं. एक कागद, पण तो स्वप्नातून आलेला नसतो. त्याचा उलगडा कथा पुंजभौतिकाच्या आधाराने करते: अनेक जगं, सगळी आपापल्या जागी खरी. योगवासिष्ठात वसिष्ठ देतात ते स्पष्टीकरण वेगळं. काकतालीय न्याय, म्हणजे आपल्या भाषेत कावळा बसायला आणि फांदी मोडायला. वस्तीतल्यांच्या मनात उमटलेलं चित्र आणि राजाच्या मनातलं चित्र एक झालं. पण पान पान असतं आणि वस्ती वस्ती. नारळीकरांच्या पुराव्यात आणि वसिष्ठांच्या पुराव्यात मात्र एक फरक आहे. दुसरा पुरावा रडत असतो.

वस्तीत राजाला एक म्हातारी भेटते. तिची लेक गेली, नातवंडं गेली. ती सांगते, कुठूनसा एक राजा इथे आला होता, त्याने माझ्या मुलीशी लग्न केलं, दुष्काळात सगळे गेले. लवण तिचा जावई. काल त्याच्या दरबारात ज्याला जादूचा खेळ म्हणाले, त्यात तिचं सगळं घर बुडालं होतं. त्याने तिला धीर दिला, धन दिलं, आणि तो राजधानीकडे निघाला. म्हातारी तिच्या वस्तीतच राहिली.